रंगकामात टू-वे स्विच करून घेताय? कोल्हापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी किंवा घरात लग्न ठरलं की रंगकाम निघतं. मग कुणीतरी म्हणतं, "आता करतोयच तर जिन्याचा दिवा वरून-खालून लागेल असं करून घेऊया की." हे वाक्य बहुतेक वेळा पुट्टीचा दुसरा हात झाल्यावर सुचतं आणि घोळ तिथंच होतो. एकच दिवा दोन ठिकाणांहून लावणाऱ्या या टू-वे स्विचबद्दल गिऱ्हाइकं आम्हाला वायरिंगच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. हे वाचून स्वतः बोर्ड उघडावा असा हेतू नाही. वायरमनशी बोलताना काय मागायचं आणि काय नाकारायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

टू-वे स्विच साध्या स्विचपेक्षा वेगळा कसा?

साध्या स्विचच्या मागे दोन टर्मिनल असतात. एकात फेज (वीज घेऊन येणारी जिवंत वायर) येतो, दुसऱ्यातून दिव्याकडे जातो. टू-वेला तीन टर्मिनल असतात: एक कॉमन आणि दोन बाजूची. हा स्विच खऱ्या अर्थानं कधी बंद होतच नाही. तो कॉमनला कायम या नाहीतर त्या बाजूला जोडून ठेवतो.

दोन स्टेशनांच्या मध्ये दोन रूळ आहेत आणि दोन्ही टोकांना सांधे आहेत असं समजा. दोन्ही सांधे एकाच रुळाकडे वळवलेले असले तर गाडी पार होते, वेगवेगळ्या रुळांकडे असले तर अडकते. खालचा आणि वरचा स्विच म्हणजे हे दोन सांधे. मधल्या दोन वायरी म्हणजे रूळ. म्हणून कुठल्याही टोकाचा स्विच बदलला की दिव्याची स्थिती बदलते.

घरात तो नेमका कुठं लागतो?

जिना हे उघड उत्तर आहे. त्याखालोखाल बेडरूम: एक स्विच दारापाशी, दुसरा पलंगाशी. म्हातारं माणूस ज्या खोलीत झोपतं तिथं तर आधी. लांब पॅसेज आणि दोन दारांचा हॉल हेही आलेच. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेकडच्या जुन्या घरांत सोप्यापासून परड्यापर्यंत लांबच लांब बोळ असतो आणि न्हाणी-संडास मागं असतो. तिथं मधल्या बोळाचा दिवा टू-वे केला नाही तर पावसाळ्यात रात्री मागं गेलेला माणूस येताना एकतर अंधारातून येतो, नाहीतर दिवा रात्रभर जळतो. बंगल्यात फाटकाजवळचा किंवा पार्किंगचा दिवा घरातून आणि बाहेरून, दोन्हीकडून लागला तर सोय होते.

स्वयंपाकघर, बाथरूम, देवघर इथं गरज नाही. एकाच दारानं आत-बाहेर करायच्या खोलीत टू-वे म्हणजे हौस.

बेडरूमबद्दल एक सूचना. पलंग कुठं येणार हे आधी पक्कं करा. पलंगाशेजारी म्हणून काढलेला बोर्ड पुढच्या वर्षी कपाटामागं गेलेला आम्ही बऱ्याच घरांत पाहतो. शक्य असेल तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना रिकामा पाईप आणि बॉक्स टाकून ठेवा, वर नुसती झाकणाची प्लेट लावा. पाईपला खर्च फारसा येत नाही.

रंगकाम काढलंय. वायरमनला कधी बोलवायचं?

पेंटर यायच्या आधी. भिंत खरवडायच्याही आधी आलं तर उत्तम.

क्रम असा. आधी कुठला दिवा कुठून लागणार हे भिंतीवर खडूनं मांडायचं. मग कटर मारून झिरी पाडायची, पाईप आणि बॉक्स बसवायचे. त्यावर गवंड्यानं सिमेंटचा गिलावा करून झिऱ्या बुजवायच्या आणि त्याला पाणी मारायचं. तो पुरता वाळला की पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. शेवटच्या हाताच्या आधी किंवा नंतर स्विच आणि प्लेटा. वायरी ओढायच्या त्या गिलावा वाळल्यावर, म्हणजे ओल्या सिमेंटचं पाणी पाईपमध्ये उतरलं तरी वायरीला त्रास नाही.

गिलावा ओला असताना पुट्टी मारली तर झिरीची रेघ रंगातून दिसत राहते, आणि दोष पेंटरवर जातो. घाई असेल तरी इथं थांबा. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत भिंती वाळायला किती वेळ घेतात हे वेगळं सांगायला नको. म्हणून असलं काम गणपतीच्या तोंडावर न काढता पाऊस उघडल्यावर काढलेलं बरं.

झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढं कधी फोटोफ्रेमसाठी खिळा मारताना हेच फोटो उपयोगी पडतील.

आहे तोच स्विच काढून टू-वे बसवला तर चालेल ना?

नाही. स्विच बदलणं हा कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. खरं काम दोन बोर्डांमधल्या वायरींचं आहे. वायर नसेल तर दुकानातला सगळ्यात भारी स्विच आणूनही उपयोग नाही.

भिंतीतला पाईप मोकळा असेल तर स्प्रिंग घालून जादा वायर ओढता येते आणि तोडफोड वाचते. पण जुन्या कन्सील वायरिंगमध्ये पाईप बऱ्याचदा ठासून भरलेला असतो, किंवा गिलाव्याच्या वेळी एखादा बेंड दबलेला असतो. स्प्रिंग अडकली की जोर लावू नये, आतल्या वायरीचं इन्सुलेशन सोलून निघतं. 20 मिलिमीटरच्या पाईपमध्ये दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या पाच-सहा वायरींपेक्षा जास्त कोंबू नयेत. नवा पाईप टाकणार असाल तर जिन्यासाठी सरळ 25 मिलिमीटरचा टाका.

दोन बोर्डांमध्ये किती वायरी लागतात?

हे फेज कुठं आहे आणि दिव्याची वायर कुठं उतरली आहे यावर ठरतं.

सरळ प्रकार असा. फेज खालच्या बोर्डात आहे आणि दिव्याची वायर वरच्या बोर्डात उतरते. मग खालच्या स्विचच्या कॉमनला फेज जोडायचा आणि वरच्या स्विचच्या कॉमनमधून दिव्याला द्यायचा. दोन्ही स्विचची बाजूची टर्मिनल एकमेकांना दोन वायरींनी जोडायची. बोर्डांमध्ये दोन वायरी झाल्या. न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) स्विचला न शिवता थेट दिव्याला जातो.

दुसरा प्रकार रंगकामात जास्त भेटतो. आधी साधा स्विच होता, त्यामुळं फेज आणि दिव्याची वायर दोन्ही खालच्याच बोर्डात आहेत, आणि वर नवीन बोर्ड काढायचा आहे. इथं तीन वायरी लागतात: बाजूच्या टर्मिनलांच्या दोन, आणि वरच्या कॉमनमधून परत खाली येऊन दिव्याच्या वायरीला मिळणारी तिसरी. काही वायरमन याच तीन वायरींची वेगळी जोडणी करतात. ते दोन्ही कॉमन एकमेकांना जोडतात आणि फेज नि दिवा बाजूच्या टर्मिनलांवर घेतात. तीही बरोबर आहे, दिवा तसाच चालतो. आमचा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, कारण पाच वर्षांनी दुसरा कुणी बोर्ड उघडेल तेव्हा कॉमन म्हणजे एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला दिवा, हे त्याला लगेच समजतं.

तिसरीही शक्यता असते: फेज आणि दिवा दोन्ही वर. तेव्हा हेच चित्र उलटं करायचं.

वायरीचा अंदाज काढताना दोन बोर्डांमधलं सरळ अंतर धरू नका. खालच्या बोर्डापासून वर छतापर्यंत, जिन्याच्या भिंतीनं, परत वरच्या बोर्डापर्यंत टेप लावा. तो रस्ता 30 फूट भरला तर दोन वायरींना 60 आणि तीन वायरींना 90 फूट लागतात. शिवाय प्रत्येक बोर्डात वीतभर वायर मोकळी सोडायची. बाजारात कॉईल 90 मीटरची येते, म्हणजे साधारण 295 फूट. एका जिन्यासाठी तीन रंगांच्या तीन कॉईल घेऊ नका, वायरमनकडे उरलेल्या असतील तर फुटावर घ्या. मात्र वायरीवर आयएसआय मार्क छापलेला आहे ना, ते बघून.

वायर कुठली आणि कुठल्या रंगाची?

दिव्यांच्या सर्किटला तांब्याची दीड स्क्वेअर मिलिमीटर वायर, आग पसरू न देणाऱ्या पीव्हीसी इन्सुलेशनची. दुकानात तिला एफआर म्हणतात. एलईडी दिव्याला करंट नगण्य लागतो हे खरं. पण वायर दिव्यावर नाही, मागच्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) ठरते. एमसीबी पडण्याआधी वायर तापता कामा नये. दिव्यांच्या सर्किटला 6 किंवा 10 अँपिअरची एमसीबी पुरते.

रंगांचा आपल्याकडचा रूढ संकेत असा: फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा. टू-वेसाठी फेज लाल ठेवा, मधल्या दोन वायरी पिवळ्या आणि दिव्याकडं जाणारी निळी. काळी किंवा हिरवी वायर मधल्या जोडणीला वापरायची नाही, मग ती उरलेली असो वा फुकटची. काळी बघून पुढचा माणूस न्यूट्रल समजून हात घालेल, आणि तीत फेज असेल.

मागच्या तीन टर्मिनलांपैकी कॉमन कुठलं हे कसं ओळखायचं?

मॉड्युलर स्विचमध्ये बहुधा मधलं असतं, पण बहुधावर काम करायचं नसतं. स्विचच्या मागे खूण छापलेली असते, ती बघायची. खूण दिसत नसेल तर सुटा स्विच हातात घेऊन मल्टिमीटरनं कंटिन्युइटी तपासायची: स्विच एका बाजूला असताना कॉमन एका टर्मिनलशी वाजतो, दुसऱ्या बाजूला केला की दुसऱ्याशी. उरलेली दोन आपसात कधीच वाजत नाहीत.

कॉमनची गल्लत झाली की एक ठरावीक लक्षण दिसतं. वरचा स्विच एका बाजूला असेल तेव्हाच खालचा चालतो, नाहीतर खालून कितीही वाजवा, दिवा ढिम्म. घरमालक म्हणतो, "स्विच डुप्लिकेट लागला." स्विच ठीक असतो. एका टोकाला कॉमनची आणि बाजूची वायर अदलाबदल झालेली असते.

दोन्ही स्विच खाली दाबलेले असताना दिवा लागतो. हे चुकीचं जोडलंय का?

नाही. टू-वेला चालू-बंदची पक्की दिशा नसते. आज खालचा स्विच वर असताना दिवा लागला, वरून बंद केला, की उद्या तोच खाली दाबल्यावर लागेल. कुणाला फारच खटकत असेल तर एका टोकाला बाजूच्या दोन वायरी आपसात बदलल्या की उलट होतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट मात्र निघते. स्विचकडं बघून दिवा बंद आहे की बल्ब उडालाय हे कळत नाही. म्हणून टू-वेच्या दिव्याचा बल्ब बदलताना, होल्डर उघडताना, स्विचवर भरवसा न ठेवता एमसीबी पाडायची. जिन्यावर शिडी लावून उभं राहणाऱ्यासाठी तर ही अटच समजा.

आमच्या जुन्या घरात दोन्ही बोर्डांत फेज आणि न्यूट्रल आहेत. वायरमन म्हणतो, मधल्या वायरी न ओढताच टू-वे करून देतो. करू का?

अजिबात नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

तो जे सुचवतोय ते असं: दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलांवर एकीकडं फेज, एकीकडं न्यूट्रल जोडायचा आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन टोकांना द्यायचे. एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल आला की दिवा लागतो. दोन्हीकडं सारखंच आलं की विझतो. वायर वाचते आणि दिवा छान चालतो, म्हणून घरमालकही खूश.

अडचण अशी की दिवा विझलेला असताना दोन्ही टोकांना न्यूट्रल असेल किंवा दोन्ही टोकांना फेज. दुसऱ्या वेळी बंद दिव्याच्या होल्डरमध्ये 230 व्होल्ट दोन्ही पिनांवर उभे असतात. शिवाय एकाच छोट्या स्विचच्या पोटात फेज आणि न्यूट्रल काही मिलिमीटरवर येतात. आतले कॉन्टॅक्ट झिजले किंवा ओल शिरली की तिथंच शॉर्ट. न्यूट्रलमध्ये एकेरी स्विच घालायचाच नाही हा वायरिंगचा मूळ नियम इथं सरळ मोडला जातो.

तुमच्या घरात आधीच असं काही असल्याची शंका असेल तर रंगकामाच्या निमित्तानं ते उघडून नीट करून घ्या. बोर्डात टू-वे स्विचच्या बाजूच्या टर्मिनलला काळी वायर दिसली तर वायरमनला थेट विचारा.

खाली भाडेकरू, वर आम्ही; मीटर दोन. जिन्याचा दिवा कुणाच्या मीटरवर?

कुणाच्याही घ्या, पण पूर्ण एकाच मीटरवर. फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असं कधीही नको. तसं केलं की ज्या घरात आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथं ती पडायला लागते, कारण गेलेला करंट आपल्या न्यूट्रलनं परत येत नाही. आणि भाडेकरूनं त्याचा मेन बंद करून काम काढलं तरी त्याच्या बोर्डात तुमचा फेज जिवंत राहतो. हा धोका वादावादीपेक्षा मोठा आहे.

वर सांगितलेल्या सरळ पद्धतीत फेज एकाच बोर्डातून घेतला जातो, त्यामुळं हा घोळ होत नाही. तरीही भाडेकरूच्या हद्दीतल्या बोर्डात तुमच्या मीटरचा टू-वे स्विच घालू नका. जिन्याच्या भिंतीवर त्याचा वेगळा छोटा बॉक्स काढा.

थ्री फेज कनेक्शनच्या घरात हीच काळजी आणखी घ्यावी लागते. खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्यावर असेल, आणि कुणी दोन्ही फेज एका टू-वे जोडीत आणले, तर एकाच स्विचमध्ये 400 व्होल्टच्या आसपासची जोडणी होते.

इन्व्हर्टरवर जिन्याचा दिवा घ्यायचा आहे.

घ्यावाच, वीज गेल्यावर सगळ्यात आधी तोच हवा असतो. फेज इन्व्हर्टरच्या सर्किटमधून घ्यायचा आणि दिव्याचा न्यूट्रलही त्याच सर्किटचा. एका बोर्डात इन्व्हर्टरचा फेज आणि महावितरणचा फेज असे दोन्ही असतील तर इन्व्हर्टरच्या वायरीला वेगळी खूण करा. मेन बंद केला तरी ती जिवंत असते.

तीन मजले आहेत. मधल्या मजल्यावरूनही लागला पाहिजे.

मग खाली आणि सगळ्यात वर टू-वे, आणि मध्ये चार टर्मिनलांचा इंटरमीडिएट स्विच. तो मधल्या दोन वायरींची जोडी एकदा सरळ, एकदा उलटी जोडतो. चार ठिकाणं हवीत तर दोन इंटरमीडिएट, पाच हवीत तर तीन. टोकांना मात्र टू-वेच.

प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक रेंजमध्ये इंटरमीडिएट मिळेलच असं नाही. प्लेटांचा रंग आणि डिझाईन ठरवण्याआधी दुकानात हे विचारून घ्या, नाहीतर मधल्या मजल्यावर वेगळ्याच रंगाचा स्विच बसेल. तीन-चारपेक्षा जास्त ठिकाणं असतील, म्हणजे अपार्टमेंटचा जिना, तर स्विचांच्या साखळीपेक्षा बेल पुश आणि डिस्ट्रिब्युशन बोर्डात इम्पल्स रिले हा मार्ग चांगला. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. किंवा ठरावीक वेळानं आपोआप विझणारा जिन्याचा टायमर. सोसायटीत दिवा बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही, तिथं टायमरच.

बंद केल्यावर एलईडी मंद पेटलेला राहतो. वायरिंग लीक आहे का?

टू-वेमध्ये ही तक्रार हमखास येते. मधल्या दोन वायरींपैकी एकीत कायम फेज असतो आणि दुसरी मोकळी लोंबकळत असते. दोघी एकाच पाईपमधून चिकटून लांबवर जातात, त्यामुळं मोकळ्या वायरीत किंचित करंट चढतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो जाणवायचा नाही. हलका एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणतो किंवा थोड्या थोड्या वेळानं चमकतो.

आधी दुसऱ्या चांगल्या कंपनीचा बल्ब लावून बघा, बऱ्याचदा तिथंच प्रश्न संपतो. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर तोही कारण असू शकतो. जिन्याला इंडिकेटरचा स्विच घेऊ नका, तीन टर्मिनलांच्या जोडणीत तो तसाही धड अर्थ सांगत नाही. एवढं करूनही राहिलं तर वायरमन दिव्यापाशी एक छोटा कपॅसिटर लावून देतो.

पण हे सगळं करण्याआधी एक गोष्ट वायरमनकडून तपासून घ्या: स्विच फेजमध्येच आहे ना, न्यूट्रलमध्ये नाही ना. न्यूट्रल तोडला असला तरी दिवा असाच मिणमिणतो, आणि ती बाब गंभीर. नुसत्या टेस्टरवर इथं विसंबता येत नाही, कारण त्या चढलेल्या करंटवरही टेस्टरचा दिवा लागतो.

लाकडी माडी, मातीच्या भिंती. इथं झिरी मारता येईल?

नको. पांढऱ्या मातीच्या भिंतीत कटर घातला की झिरी राहत नाही, ढपला निघतो. लाकडी तुळया आणि पाटण असेल तर तिथंही छिद्रं पाडत सुटू नये. अशा घरात केसिंग पट्टी हाच शहाणा मार्ग. पट्टी भिंत आणि छताच्या कोपऱ्यातून फिरवली आणि भिंतीच्याच रंगानं रंगवली तर डोळ्यांत येत नाही. पट्टीत दोन-तीन वायरी सहज मावतात. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर तिच्यात काहीही कोरण्याआधी त्यांना सांगा, पेठांमध्ये एवढ्यावरून अबोले झालेले आहेत.

विटांच्या भिंतीतही मर्यादा आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. चार इंची पार्टिशनला एक षष्ठांश म्हणजे पाऊण इंचसुद्धा भरत नाही, तेवढ्यात पाईप बसत नाही. म्हणून तिथं आडवी झिरी मारायचीच नाही. वर छताकडं जाऊन फिरून खाली यायचं. वायर जास्त लागू दे. कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही.

तोडफोड नकोच. वायरलेस स्विच चालतो का?

चालतो. दिव्यापाशी किंवा जुन्या बोर्डात रिसीव्हर आणि वरच्या भिंतीला चिकटवलेलं बटण. भाड्याच्या घरात किंवा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीत हा पर्याय वाईट नाही. काही बटणांना सेल लागतो, आणि रिसीव्हरला बोर्डात बहुधा न्यूट्रल लागतो. जुन्या बोर्डात तो बऱ्याचदा नसतो. नवीन काम करताना प्रत्येक बोर्डात एक न्यूट्रल उतरवून, टोक बंद करून ठेवायला सांगा. उद्या स्मार्ट स्विच घ्यायचा झाला तर भिंत फोडावी लागणार नाही. स्वतःचं घर असेल आणि भिंती तशाही खरवडणार असाल तर मात्र वायरच ओढा.

पंख्याला टू-वे करता येतो?

येतो, रेग्युलेटर एकाच ठिकाणी राहतो. पलंगाशी पंखा बंद करायची सोय हवी असेल तर ठीक. नाहीतर रिमोटचा पंखा घ्या.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. काही वेगळं करावं?

करावं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये ती बरीच ओलांडली गेली आणि सखल भागातल्या घरांत बोर्ड बुडाले. अशा घरात तळमजल्याच्या दिव्यांना आणि सॉकेटांना वेगळी एमसीबी ठेवा, आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड शक्य तर वरच्या मजल्यावर न्या. जिन्याच्या दिव्याचा फेज वरच्या बोर्डातून घ्या. खाली उतरणाऱ्या टू-वेच्या वायरींमध्ये मात्र तरीही फेज येतो, त्यामुळं पाणी येतंय असं दिसलं की जिन्याच्या दिव्याचीही एमसीबी पाडायची. तळमजल्यावर पाणी शिरल्यानंतर मेन बंद करायला पाण्यातून जाऊ नका. महावितरणच्या 1912 क्रमांकावर फोन करून पुरवठा बंद करायला सांगा.

पाणी ओसरल्यावर बुडालेले स्विच वाळवून परत वापरू नयेत. दिसायला स्वच्छ झाले तरी आत गाळ राहतो. पाईपमधल्या वायरींचं इन्सुलेशन मेगरनं तपासून मगच पुरवठा चालू करायचा.

आरसीसीबी लागतेच का? एमसीबी आहे की.

एमसीबी वायरीला वाचवते. माणसाला वाचवते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. रंगकामात एवढा खर्च करतोय तर ही बसवून घ्या. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पडली म्हणजे ठीक.

ती बसवल्यावर सारखी पडायला लागली की लोक तिलाच दोष देतात आणि काढून टाकतात. बहुतेक वेळा कारण जुन्या वायरिंगमध्ये असतं: दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेले, किंवा ओल आलेला एखादा बॉक्स. आरसीसीबी ते दाखवून देतेय. लोखंडी बॉक्स असतील तर प्रत्येकाला हिरवी वायर जोडलेली आहे ना, हेही त्याच वेळी बघा.

काम कुणाकडून करून घ्यावं? मी आयटीआय केलेलं नाही, पण हाताला जमतं.

प्लेट पुसणं आणि एमसीबी पाडून बल्ब बदलणं एवढं जमू द्या. बोर्डाच्या मागचं काम वायरमनचं परमिट असलेल्या माणसाकडून, शक्यतो परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरमार्फत करून घ्या. मीटरचा लोड वाढवायचा किंवा नवीन कनेक्शन घ्यायचं तर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

मजुरी पॉईंटवर ठरवत असाल तर टू-वे एक पॉईंट धरणार की दोन, हे आधी बोलून घ्या. आमच्या मते दोन धरणं रास्त, कारण बोर्ड दोन काढावे लागतात. कामाआधी वायरमनला कागदावर जोडणीचं चित्र काढायला सांगा. ज्याला येतं तो दोन मिनिटांत काढतो. तो कागद डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवा.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

पैसे चुकते करण्याआधी, पेंटर नि वायरमन दोघं हजर असताना. एक माणूस खाली, एक वर. खालचा दाबायचा, दिवा बदलला पाहिजे. वरचा दाबायचा, बदलला पाहिजे. परत खालचा, परत वरचा. अशा चारही स्थिती झाल्या पाहिजेत आणि प्रत्येक दाबाला दिवा बदललाच पाहिजे. एकदा जरी ढिम्म राहिला तर कॉमनची गल्लत आहे. मग दिव्यांची एमसीबी पाडून जिन्याचा दिवा खरंच विझतो ना ते बघायचं. नाही विझला तर त्याचा फेज भलत्याच सर्किटवरून आलाय, तो त्याच दिवशी बदलून घ्या. शेवटी दिवा बंद असताना दोन्ही स्थितींत वायरमनला होल्डरवर टेस्ट लॅम्प लावून फेज नसल्याचं दाखवायला सांगा. तो कुरकुरला तरी सांगा.